हत्यार मिळणार नाही, माणूस मिळेल

मी जन्मलो तो हत्यारं चालवण्यासाठी. विमा कंपनीत कारकुनी करतो ती केवळ मुलाखत घेणाऱ्यांची चूक! नाहीतर हातात स्क्रूड्रायव्हर आला की मी वेगळाच माणूस होतो. बायकोही हेच म्हणते, फक्त तिचा सूर जरा वेगळा असतो.

तुम्हाला खोटं वाटेल, पण गेल्या सहा वर्षांत आमच्या घरात प्लंबर, सुतार किंवा वायरमन यांपैकी एकानंही पाऊल टाकलेलं नाही. माझ्याकडे चौसष्ट नगांची लाल पेटी आहे. त्यातले तेवीस नग कशासाठी असतात ते मला नक्की ठाऊक आहे. उरलेले एक्केचाळीस मी आदरानं पुसून परत जागच्या जागी ठेवतो. मी संध्याकाळी नळाचा वॉशर बदलतो, रात्री नळ गळतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत येतो तर नळ बंद! "बघ," मी बायकोला सांगतो, "वॉशरला बसायला एक दिवस द्यावा लागतो. हे अनुभवानं कळतं." यावर ती नुसती हसते.

आता दोन-तीन कामांबद्दल घरात मतभेद आहेत, ते लपवत नाही. न्हाणीघरासमोरच्या पॅसेजमध्ये मी एक फळी ठोकली आहे. तिच्यावर ठेवलेली वस्तू सावकाश उजवीकडे निघते. घरच्यांच्या मते फळी तिरकी आहे, माझ्या मते भिंत. त्याच पॅसेजमधला दिवा सारखा लुकलुकायचा. तो मी दुरुस्त केला. आता तो लागत नाही, पण लुकलुकणं मात्र कायमचं थांबलं! तिसरं काम म्हणजे फळीखालचं चपलांचं कपाट. ते डुगडुगायचं. मी त्याला अकरा स्क्रूंनी भिंतीत असं आवळलं की आता भिंत हलेल, कपाट हलणार नाही. हे अकरा स्क्रू लक्षात ठेवा. पुढे त्यांनीच माझा गळा धरला.

तर आता अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं एका कारखान्यात फिटर होते. अप्पांची संपत्ती म्हणजे कॅनव्हासची एक गुंडाळी. ती उलगडली की आत ओळीनं शिवलेले कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकेक हत्यार. पक्कड, पाना, कानस, पटाशी, एक छोटी हातोडी, आणि या सगळ्यांत मानाचा, हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. त्याला अप्पा 'थोरला' म्हणतात. ती मूठ इतकी वर्षं अप्पांच्या तळहातात झिजून झिजून गुळगुळीत झाली आहे. मी ती एकदाच, लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत, धरली होती. तीही चार सेकंद. खरं सांगतो, त्या चार सेकंदांत मला जे वाटलं ते लग्नातही वाटलं नव्हतं. हे वाक्य बायकोला सांगू नका.

अप्पांचा एक नियम सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. कुणी शेजाऱ्यानं येऊन "अप्पा, जरा पक्कड देता का?" म्हटलं की अप्पा म्हणायचे, "हत्यार मिळणार नाही, माणूस मिळेल." आणि पायात चपला सरकवून, गुंडाळी काखेत मारून, त्याच्या मागोमाग स्वतः निघायचे! एक खिळा काढायचा असो नाहीतर अख्खं दार बसवायचं असो, हत्यार एकटं कधी घराबाहेर गेलं नाही. कारखान्यात एकदा मोठ्या साहेबांनी पाना मागितला, तर अप्पा पान्यासकट साहेबांच्या घरी गेले आणि त्यांच्या मोटारीखाली शिरले म्हणे.

असे अप्पा आठ दिवस आमच्याकडे राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा बशीत सांडला. आम्ही दुसरीकडे पाहिल्यासारखं केलं.

"बघा, बघा," अप्पा म्हणाले. "लपवण्यासारखं काही नाही. हात थरथरतो आता. हत्याराला स्थिर हात लागतो. तेव्हा म्हटलं, रविवारी थोरल्या जावईबापूंनाही बोलवावं आणि गुंडाळी कुणाच्या तरी स्वाधीन करून मोकळं व्हावं. दोन जावई आहेत. ज्याचा हात तयार, त्याची गुंडाळी."

माझ्या घशात बिस्किट अडकलं!

"परीक्षा वगैरे घेणार का अप्पा?" मी विचारलं.

"परीक्षा कसली? बघायचं. हात दिसतो."

आता थोरले जावई, म्हणजे माझे साडूभाऊ, हे बँकेत अधिकारी. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारं ड्रिल आहे, आणि ते त्याची पेटी बाळंतिणीच्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आणतात. त्यांनी त्या ड्रिलनं आजवर एकच भोक पाडलंय, ते पण दाखवण्यापुरतं. अशा माणसाच्या घरी अप्पांचा थोरला जाणार? काचेच्या कपाटात बसून राहणार? नाही! मला ती गुंडाळी हवी होती. बढतीसुद्धा मी कधी इतकी मनापासून मागितली नव्हती.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, तरी हात दाखवायची संधी काही येईना. अप्पा पेपर वाचत, फळीकडे एक नजर टाकत आणि काही न बोलता पुन्हा पेपर वाचत. मला ते न बोलणं आवडलं नाही.

रविवारी सकाळी मात्र देव पावला. साडूभाऊ साडेनऊला येणार होते. बायको भाजी आणायला गेली होती, आई स्वयंपाकघरात होती आणि अप्पा नऊच्या ठोक्याला आंघोळीला गेले होते. मी पॅसेजमध्ये उभा. समोर न्हाणीघराच्या दाराचं हँडल. ते तीन महिने लटपटत होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

अप्पांची आंघोळ वीस मिनिटांची. आत जाताना हँडल लटपटीत, बाहेर येताना पक्कं! अप्पा दार उघडणार, हाताला फरक कळणार, आणि विचारणार, "हे कुणी केलं हो?" मी पेपरातून मान वर न करता म्हणणार, "कोणतं? हां, ते होय..."

आता ते हँडल नुसतं आवळलं असतं तरी भागलं असतं. पण नुसतं आवळणं हे सामान्य माणसाचं काम. मी मुळापासून करतो. टॉर्च तोंडात धरून मी लाल पेटीतला स्क्रूड्रायव्हर लावला. सटकला. दुसरा लावला. तोही सटकला. स्क्रूची डोकी पार झिजलेली. सहा स्क्रूड्रायव्हर झाले, आणि घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं.

तेव्हा माझी नजर दिवाणखान्यातल्या गुंडाळीकडे गेली. एकच मिनिट, मी मनाला म्हटलं. अप्पा आत आहेत. घेतला, फिरवला, पुसला, ठेवला. कोण बघतंय?

थोरला हातात आला मात्र, दोन्ही स्क्रू लोण्यातून काढल्यासारखे निघाले! काय ते हत्यार! मी हँडल ओढलं. त्याच्याबरोबर दारातून आरपार जाणारी चौकोनी सळईसुद्धा बाहेर आली. ही सळई बाहेरचं हँडल, आतलं हँडल आणि मधली कुलपाची जीभ या तिघांना जोडते, हे मला त्या क्षणी पूर्णपणे ठाऊक नव्हतं. मी हँडल, स्क्रू आणि सळई फळीवर ठेवली आणि हँडलखाली घालायला पुठ्ठ्याचा तुकडा कापू लागलो.

खुळ्ळ!

चौकोनी सळई घरंगळत नाही, असं तुम्ही म्हणाल. आमच्या फळीवर घरंगळते! उजवीकडच्या टोकापर्यंत गेली आणि थेट चपलांच्या कपाटामागे पडली. मी कपाट ओढलं. कपाट हलेना. कसं हलेल? अकरा स्क्रू! घरातलं माझं एकुलतं एक मजबूत काम, आणि तेही माझ्यावरच उलटलं.

इतक्यात आतून पाण्याचा आवाज थांबला. आतलं हँडल फिरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, गोल गोल.

"जावईबापू," आतून अप्पा. "हे हँडल नुसतंच फिरतंय."

"अप्पा, आंघोळ झाली इतक्यात?"

"झाली."

"अजून एकदा करा ना! गरम पाणी भरपूर आहे!"

आतून अप्पा म्हणाले, "बाहेर काय चाललंय?"

"काही नाही, काही नाही! अप्पा, तुम्ही घाबरू नका! मी आहे इथे!"

हे मी दाराच्या भोकाला तोंड लावून, गुडघ्यावर बसून, अंधारात ओरडलो. आणि नेमकं त्याच वेळी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं काय पाहिलं? मुलगा जमिनीवर, दार बंद, आणि मुलगा व्याह्यांना "घाबरू नका" म्हणतोय. आईला एवढं पुष्कळ झालं.

"अरे देवा! व्याही पडले!"

"आई, पडले नाहीत."

"मग चक्कर आली?"

"आई, तसं काही नाही, फक्त दार—"

पण आई जिन्याच्या दारापर्यंत पोचलीसुद्धा होती. एरवी गुडघे दुखतात म्हणून देवघरापर्यंत न जाणारी बाई! खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. निवृत्त नर्स. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन कुणी आजारी पडायची वाटच बघत असतात. आईनं जिन्यातून हाक मारली, ती काकूंसकट अर्ध्या इमारतीनं ऐकली.

माझ्याजवळ दोन मिनिटं होती. मी विचार केला, सळई नसली म्हणून काय झालं? त्या चौकोनी भोकात दुसरं काहीतरी घालून फिरवलं तरी जीभ मागे सरकेल. लांब, मजबूत, लोखंडी असं काय आहे हाताशी?

होय. तोच! थोरला.

मी थोरला भोकात घातला. भोक मोठं, टोक बारीक, नुसतंच फिरायला लागलं. खिशातलं बसचं तिकीट चौघडी करून पाचरीसारखं बाजूला दाबलं. आता बसला जरा घट्ट. अजून थोडा घट्ट बसावा म्हणून चपलेच्या टाचेनं मुठीवर एक ठोका दिला. मग दुसरा. दुसऱ्या ठोक्याला काहीतरी कट्‌ वाजलं, आत टाइलवर आतलं हँडल खण्णकन पडलं, आणि थोरला दारात रुतून बसला. फिरेना, निघेना!

आत अप्पांनी हँडल उचलल्याचा आवाज आला.

"जावईबापू."

"काय अप्पा?"

"हा थोरला आहे."

"कोणता... थोरला अप्पा?"

"दारातून टोक आलंय माझ्यासमोर. टोकाच्या डाव्या कोपऱ्यात तिळाएवढा खड्डा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी बॉयलरच्या झाकणावर पडला होता. हा थोरला आहे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. माणूस आपल्या पोराचं नाव घेतो तसं त्यांनी ते नाव घेतलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, मी... एकच मिनिट घेतला होता."

"विचारलं असतंत तर आलो असतो मी. नियम आहे ना."

"तुम्ही आंघोळीला होतात अप्पा."

"वीस मिनिटं थांबला असतात."

तेवढ्यात काकू आल्या. गळ्यात नळी, हातात यंत्र.

"पेशंट कुठाय?"

"पेशंट नाहीये काकू. अप्पा ठणठणीत आहेत. दार अडकलंय."

"ठणठणीत आहेत हे तुम्ही ठरवणार? अप्पा! दाराखालून हात बाहेर काढा!"

"दाराखालून हात कसा येईल?" आतून अप्पा.

"बघा, चिडचिड सुरू झाली," काकू आईला म्हणाल्या. "हे लक्षण चांगलं नाही." आणि दाराखालून हात येत नाही म्हणून, हाताशी होता तो माझा दंड पकडून त्यांनी पट्टा गुंडाळला. फुस्स फुस्स हवा भरली. "अगंबाई! एकशे सत्तर! ह्यांना आधी झोपवा!"

मी दंडाला पट्टा, हातात टॉर्च, अशा अवस्थेत असताना बेल वाजली. साडेनऊ वाजले होते. बँकेचा माणूस, एक मिनिट इकडे तिकडे नाही!

साडूभाऊंनी दारातूनच परिस्थिती पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. ड्रिलची पेटी उघडताना क्लिपा अशा कडाड वाजवल्या की काकू दचकल्या.

"बाजूला व्हा. कुलपातच भोक पाडतो. दोन मिनिटांचं काम."

"थोरल्याला धक्का लागता कामा नये!" मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"थोरला मी!" साडूभाऊ म्हणाले. "घरातला थोरला जावई मी आहे!"

"तुम्ही नाही हो, तो!" मी पाठीमागे बोट दाखवलं.

साडूभाऊंनी तिकडे पाहिलं. ओळखलं. "तुम्ही अप्पांचं हत्यार घेतलंत? न विचारता?" त्यांना इतका आनंद झाला की तो त्यांना लपवताही आला नाही. "अप्पा!" ते दाराकडे तोंड करून गोड आवाजात म्हणाले, "मी आलोय. काळजी नको. माझं हत्यार माझं स्वतःचं आहे."

घर्रर्रर्र! लाकडाचा भुसा उडाला, आई कानावर हात ठेवून बसली, काकूंनी यंत्र पोटाशी धरलं. आतून अप्पा काहीतरी सांगत होते, पण ऐकू कुणाला येतंय! मग आवाज बारीक झाला. घर्र... घुर्र... घु. आणि बंद.

"काय झालं?"

"बॅटरी संपली," साडूभाऊ म्हणाले.

"चार्ज केली नव्हती?"

"रात्रभर लावली होती हो." मग जरा थांबून, हळूच, "भिंतीवरचं बटण चालू करायचं राहिलं वाटतं."

ड्रिलची सळी दारात अर्धी घुसून अडकली होती. साडूभाऊंनी हात सोडला, तरी ड्रिल तसंच लटकत राहिलं. म्हणजे आता दाराच्या एका बाजूला माझा थोरला आणि शेजारी त्यांचं ड्रिल. दाराला शिंगं फुटली होती, एकेका जावयाचं एकेक!

"अप्पा मघाशी काय म्हणत होते?" आईनं विचारलं.

"मी म्हणत होतो," आतून आवाज आला, "कुलपात भोक पाडू नका, उपयोग नाही."

तेवढ्यात बायको आली. दोन हातांत दोन पिशव्या. तिनं पॅसेजमधली गर्दी पाहिली, दार पाहिलं, माझ्या दंडाचा पट्टा पाहिला. आई, मी, साडूभाऊ आणि काकू असे चौघं एकदम बोलायला लागलो. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि आमच्यापैकी कुणालाच काही विचारलं नाही. दारापाशी गेली.

"अप्पा, बरे आहात ना?"

"बरा आहे बाळ. बादलीवर बसलोय."

मग तिनं दाराच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. आम्ही सगळे इतका वेळ हँडलकडे बघत होतो. दाराला दुसरीही बाजू असते, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"दार बाहेर उघडतं," ती म्हणाली. "म्हणजे बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत. पिना ठोकून वर काढल्या की दार इकडून सुटेल. आतली कडी—"

"कडी नाहीये," मी म्हणालो. "मागच्या वर्षी मी ती दुरुस्त केली होती."

"हो. बरं झालं." ती दिवाणखान्यात गेली, गुंडाळी घेऊन आली, जमिनीवर उलगडली. पण हात लावला नाही. पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिली.

"अप्पा, छोटी हातोडी घेऊ का?"

पॅसेजमध्ये सगळ्यांनी दाराकडे कान टवकारले. काकूंनीसुद्धा!

"हत्यार मिळत नाही," अप्पा म्हणाले. ते सवयीनंच म्हणाले. मग आतून एक खाकरल्याचा आवाज आला. "माणूस मिळतो. पण माणूस आत अडकलाय."

"म्हणून तर विचारतेय."

"...घे."

आयुष्यात पहिल्यांदा अप्पांचं हत्यार अप्पांशिवाय चाललं. रीतसर विचारून. मी मघाशी त्याच गुंडाळीतलं हत्यार चोरासारखं उचललं होतं, आणि तिथे उभ्या उभ्या मला त्याची इतकी लाज वाटली की दंडाच्या पट्ट्याखाली नाडी ठोके मारायला लागली.

"अहो, उजेड धरा जरा," बायको म्हणाली.

मी टॉर्च धरला. तिनं बिजागरीच्या खालून एक जाड खिळा लावला आणि हातोडीनं हलकेच टक, टक, टक. पिन केसभर वर आली. पक्कड घेतली, ओढली, निघाली. दुसरी बिजागरी. टक, टक. तिसरी. घाई नाही, जोर नाही. मनगट अप्पांसारखं फिरत होतं, हुबेहूब! इतकी वर्षं संसार केला, पण हे मनगट मी कधी पाहिलं नव्हतं. मी हलायलाच विसरलो.

चार मिनिटं. फक्त चार! साडूभाऊंनी आणि मी दार धरलं, बिजागऱ्यांच्या बाजूनं सोडवलं, आणि शिंगांसकट भिंतीला टेकवलं.

आत अप्पा पालथ्या बादलीवर बसलेले. सदरा घातलेला, केस विंचरलेले, मांडीवर आतलं हँडल.

"नळ ठिबकत होता," ते म्हणाले. "वेळ होता म्हणून हातानंच पिळून बसवला."

मग ते बाहेर आले, दारात रुतलेल्या थोरल्याभोवतीचं माझं बसचं तिकीट नखानं टोकरून काढलं, मूठ धरून एक बारीक हिसका दिला, आणि थोरला मुकाट निघून आला. अप्पांनी टोकावर अंगठा फिरवला.

"मुडपलंय जरा."

"घासता येईल अप्पा," बायको म्हणाली. "कानस तिसऱ्या कप्प्यात आहे."

"चौथ्या."

"तिसऱ्या. चौथ्यात पटाशी."

अप्पांनी गुंडाळीकडे पाहिलं. तिसऱ्यात कानस होती. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"ही लहान असताना कुणी काम सांगितलं की मी गुंडाळी घेऊन निघायचो आणि ही माझं बोट धरून," ते म्हणाले. "माणूस एक नव्हताच, दोन जायचे. आणि मी मात्र जावयांत हात शोधत बसलो! नजर कमी झाली म्हणतात ती हीच." त्यांनी थोरला त्याच्या कप्प्यात घातला, गुंडाळी बांधली आणि बायकोच्या हातात दिली. "घे. तुझी."

बायकोचे डोळे भरून आले. आईनं पदर डोळ्याला लावला, काकूंनी सवयीनं बायकोची नाडी धरली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण वाईटापेक्षा काहीतरी चांगलं जास्त वाटलं, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

चहा पिताना मी बायकोला हळूच विचारलं, "म्हणजे ते वॉशर... एका दिवसानं बसणारे..."

"तुम्ही ऑफिसला गेलात की मी करायचे."

"कशानं?"

"तुमच्या लाल पेटीनं. ते एक्केचाळीस नग आहेत ना, त्यांनी."

"मग फळी? दिवा?"

"ती ठेवली मुद्दाम. म्हटलं, घरात तुमचंही काही असू दे."

"आणि हे हँडल? तीन महिने लटपटतंय!"

"ते अप्पांसाठी राखून ठेवलं होतं. कुणी काम सांगितलं की त्यांना बरं वाटतं."

निघताना साडूभाऊंनी आपलं ड्रिल दारातून उपटून पेटीत घातलं. क्लिपा या वेळी अगदी हळू लावल्या. त्यांच्या पाठोपाठ मीही सटकणार होतो, तेवढ्यात अप्पांनी हाक मारली.

"जावईबापू, थांबा. तुम्हालाही द्यायचंय काहीतरी."

माझी आशा एकदम पल्लवित झाली! अप्पांनी आपल्या पिशवीतून एक जुना, पितळी, जाडजूड टॉर्च काढला. कारखान्यातला.

"मघाशी मी दाराच्या फटीतून बघत होतो," ते म्हणाले. "पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत उजेड तसूभर हलला नाही. तुमचा हात स्थिर आहे हो! उजेड फार छान धरता."

तेव्हापासून आमच्या घराची घडी बसली आहे. शेजारीपाजारी कुणी हत्यार मागायला आलं की बायको म्हणते, "हत्यार मिळणार नाही, माणूस मिळेल," आणि गुंडाळी काखेत मारून निघते. माणूस एक नसतोच, दोन जातात. मागून टॉर्च घेऊन मी असतो. इमारतीत माझा उजेड प्रसिद्ध आहे. अप्पा आले की तेही कौतुकानं विचारतात, "टॉर्च कसा चाललाय?"

उत्तम चालला होता. पण गेल्या आठवड्यात त्याची काच किंचित लटपटतेय असं मला वाटलं. नुसती आवळली असती तरी भागलं असतं, पण मी कामं मुळापासून करतो. टॉर्च उघडला, सगळे भाग ओळीनं फळीवर मांडले, आणि आतली स्प्रिंग कपाटामागे गेली. बायको गुंडाळी घेऊन आली आहे, त्या अकरा स्क्रूंपुढे बसली आहे, आणि पॅसेजमधल्या अंधारातून मघापासून विचारतेय, "अहो, उजेड धरताय ना?"